मागून येणारी चव

मोसंबीच्या सालीत नख रुतले की जो वास सुटतो, तो फळाचा नसतो. फळाचा वास गोड, ओलसर असतो आणि तो नंतर येतो. हा आधीचा वास तिखट, हिरवा, डोळ्यांना किंचित झोंबणारा. सालीतून उडालेले तुषार उन्हात क्षणभर दिसतात आणि वास मात्र नखाच्या कोपऱ्यात संध्याकाळपर्यंत मुक्कामाला राहतो. लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा पहिल्या आठवड्यात माणसांच्या नावांआधी माझ्या लक्षात राहिला तो हा वास. तो माझ्या सासऱ्यांच्या अंगठ्याला येई.

त्यांना घरात सगळे आबा म्हणतात. अंबडपासून थोड्या अंतरावर त्यांची मोसंबीची बाग आहे. आम्ही राहतो अंबडमध्येच. मी इथल्या शाळेत मराठी शिकवते आणि नवऱ्याचे ठिबक सिंचनाच्या सामानाचे दुकान आहे. माझे माहेर हसनाबादकडचे, कोरडवाहू. कापूस, मका, तूर यांच्यात वाढलेली मी. आमच्याकडे फळ म्हणजे आजाऱ्याच्या उशाशी ठेवायची वस्तू. धडधाकट माणसाने फळ खाणे ही चैन होती. त्यामुळे सासरी आल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी आबांनी अंगठ्याच्या नखाने एक मोसंबी सोलून चार फोडी माझ्या हातावर ठेवल्या, तेव्हा मला आधी वाटले, मी फार थकलेली दिसते की काय.

"कशी हाय?" त्यांनी विचारले.

"गोड आहे."

आबा मनापासून हसले. "गोड तं गूळ बी असतो, माय. मागून काय येतं ते सांग."

मागून काही येत असल्याचे मला कळले नाही, आणि खोटे सांगण्याचे धाडस नव्या सुनेत नव्हते. तेव्हा त्यांनीच समजावले. मोसंबी तीन वेळा बोलते. आधी पाणी येते, मग गोडी; आणि सगळे गिळून झाल्यावर, आता काही उरले नाही असे वाटत असताना, जिभेच्या मुळाशी एक बारीक चव येते. ती मागची चव कच्ची असेल तर फळ झाडावर राहू द्यायचे. गोल असेल तर तोडायचे. 'गोल' हा त्यांचाच शब्द. चवीला आकार असतो हे मी कवितेच्या वर्गातही ऐकले नव्हते.

त्यावरच आमच्या घरची एक रीत उभी होती. दसऱ्यानंतर तोडणीचा हंगाम आला की विहिरीजवळच्या सर्वांत जुन्या झाडाचे एक फळ आबा स्वतः उतरवीत. सुरी लावायची नाही, अंगठ्याने सोलायचे. आम्ही सगळे भोवती उभे. ते डोळे मिटून एक फोड खात, आणि मग बराच वेळ काहीच बोलत नसत. बागेत तेवढा वेळ पाखरांचाच आवाज. शेवटी डोळे उघडून ते म्हणत, "बराबर," नाहीतर, "आठ दिस थांबा." व्यापारी आला तरी तोही थांबे. साखर मोजायचे यंत्र नवऱ्याने एकदा आणले होते. ते आबांच्या जिभेशी जुळते की नाही हे बघायला दोन वर्षे वापरले, मग कपाटात ठेवले.

गेल्या श्रावणात आबांना ताप आला. दहा-बारा दिवसांनी तो उतरला, पण जाताना चव घेऊन गेला. वासही गेला. जालन्याच्या डॉक्टरांनी नीट तपासले आणि तितक्याच नीटपणे सांगितले की, चव परत येते, कधी लवकर, कधी उशिरा, कधी पुरती येत नाही. आपण वाट बघायची. मात्र पोटात काहीतरी जात राहिले पाहिजे, वजन आणखी उतरता कामा नये.

पोटात जाणे हेच अवघड होते. ज्वारीची ऊन भाकरी, ठेचा, वर कांदा, असे जेवण जन्मभर जेवलेला माणूस अर्ध्या भाकरीवर हात धुऊ लागला. "माती हाय नुसती," एवढेच म्हणत. त्यात तक्रार नसे. रानातल्या ओलीबद्दल सांगावे तसे ते सांगत. मनगटावरचे घड्याळ सैल होऊन कोपराकडे सरकू लागले. पट्ट्याला नवे भोक पाडले, मग आणखी एक.

माझी मुलगी अकरावीत आहे. तिने मोबाईलवर शोधून काढले की चावायला नको वाटणाऱ्या माणसाला फळे आणि भाज्या एकत्र घुसळून, दाटसर करून पाजतात. तिच्या भाषेत स्मूदी. सासूबाईंना, म्हणजे माईंना, तो सगळा प्रकार पहिल्या दिवसापासून संशयास्पद वाटला.

"काय करून राह्यली गं सकाळी सकाळी? गिरणी टाकली का घरात?"

"आजी, पालक, केळं आणि काकडी आहे. आबांसाठी."

"पालकात केळं?" माईंनी कपाळावर हात मारला. "अगं, म्हशीला बी येगयेगळं टाकतो आपण."

पण मला ते काम आवडू लागले. पहाटे ओटा स्वच्छ पुसून फळे मांडली की स्वयंपाकघराला निराळाच चेहरा येई. बुधवारी शाळेतून येताना बाजारातून मी पिशवी भरून आणायची. पालकाच्या जुड्या, मातीचा वास अंगावर घेऊन आलेली बिटे, पपई, पेरू, भुरकट खवल्यांची सीताफळे. सीताफळाच्या बिया बोटांनी एकेक काढताना साखरेच्या कणांसारखा गर बोटांना लागतो. तो वाटीत घ्यायचा, वर दही, चिमूटभर जायफळ. बीट किसून मिक्सरमध्ये टाकले की भांड्याच्या कडेने जास्वंदी रंग चढत जाई, त्यात गाजर पडले की तो विटेसारखा होई. दुधीला स्वतःचे म्हणणे नसते, तो कुणाशीही जुळवून घेतो. आल्याचे मात्र तसे नाही. नखाएवढा तुकडा जास्त झाला तर बाकी सगळ्यांना गप्प करतो. हे सगळे मी चाखून चाखून शिकले. एका माणसाची जीभ गेली होती म्हणून माझी जीभ जागी होत होती, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

पहिल्या दिवशी काचेच्या ग्लासात तो हिरवा रस दिला तर आबांनी ग्लास उजेडात धरला.

"हे विहिरीतून काढलं का?"

"आबा, पिऊन तर बघा."

"बघून राह्यलो ना. शेवाळ हाय."

दुसऱ्या दिवसापासून मी स्टीलचे फुलपात्र वापरू लागले. त्यात रंग दिसत नाही. तुळशीला पाणी घालून ते ओसरीवरच्या खाटेवर बसत, मी फुलपात्र हातात देई, आणि ते एका दमात नाही, पण थांबत थांबत सगळे पीत. रिकामे भांडे माझ्या हाती देताना म्हणत, "चांगलंय."

आठवडाभराने मी भीत भीत विचारले, "आबा, चव लागते का काही?"

त्यांनी थोडा विचार केल्यासारखे केले. "येऊन राह्यली. थोडी थोडी."

त्या दिवशी मी शाळेत एक कविता शिकवताना विनाकारण दोनदा हसले. घरी आल्यावर मुलीला सांगितले, नवऱ्याला सांगितले. काल गोडी लागली, आज आंबट लागले, अशा बातम्या आबा रोज देऊ लागले आणि मी त्या जपून ठेवू लागले. बिटाच्या दिवशी म्हणाले, "मातीवानी, पण ग्वाड." बीट खरोखर तसेच लागते. मी निःशंक झाले.

मग एके दिवशी घोटाळा झाला. गाजर, पपई आणि दह्याच्या मिश्रणात मुलीने मीठ टाकले आणि मी ते न कळून पुन्हा टाकले, तेही चमच्याने. आबांचे फुलपात्र ओसरीवर पोचते करून मी आत आले. उरलेला रस आम्ही बाकीच्याही पीत असू. माईंनी आपल्या पेल्यातला पहिला घोट मोरीत टाकला.

"अगं माय माय! समुद्र आणला का घरी?"

मी चाखले. तोंडात घेववत नव्हते. धावत ओसरीवर गेले, तर आबा फुलपात्र तळाशी आणून शेवटचा घोट घेत होते. मिशीला लागलेला केशरी थेंब त्यांनी उपरण्याने पुसला आणि भांडे पुढे केले.

"चांगलंय. आज तं लई ग्वाड झालतं."

मी भांडे घेतले. आत येऊन ते घासत राहिले, घासून झाले तरी घासत राहिले. माई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या आवाजातला नेहमीचा टोमणा कुठेतरी उतरवून ठेवलेला होता.

"मला म्हाईत व्हतं," त्या म्हणाल्या. "त्यायला काहीच लागत न्हाई. मला म्हनले, तिला सांगू नको. ती पोरगी पाचला उठून एवढं करती. तिला कसं सांगू, का मला हे आन् पाणी सारखंच?"

"मग बीट? मातीसारखं लागतं म्हणाले ते?"

"मलाच इचारलं व्हतं आधी, का बीट कसं लागतं."

म्हणजे रोजची ती बातमी तयार केलेली होती. माझ्यासाठी. मी त्यांना बरे करण्यासाठी रस करीत होते आणि ते मला बरे वाटावे म्हणून चवी रचीत होते. कवितेचा अभ्यास केलेली मी. पण ओसरीवर बसून, न लागणाऱ्या चवीला नेमका शब्द शोधणाऱ्या त्या माणसापुढे माझा सगळा अभ्यास पोरका वाटला.

मी त्यांना काही कळू दिले नाही. दुसऱ्या दिवशीही पाचलाच उठले. तेही "चांगलंय" म्हणाले. फक्त मी चव लागते का हे विचारणे सोडले, आणि मी विचारीत नाही हे त्यांनीही विचारले नाही.

दसरा झाला. व्यापाऱ्याचे फोन येऊ लागले. एका रविवारी नवरा जेवताना म्हणाला, "आबा, बागेत जाऊन यावं म्हणतो. पहिलं फळ बघायला पाहिजे."

"तू बघ की."

"मला कुठं कळतं त्यातलं?"

"मंग ते यंत्र काढ कपाटातून."

माईंनी आबांच्या ताटात नको असताना भाजी वाढली, म्हणून शेवटी ते उठले. "चला. बसून काय अंडी उबवायची हायेत?"

तापानंतर ते पहिल्यांदाच बागेत येत होते. झाडे फळांनी वाकलेली, खाली बांबूचे टेकू दिलेले. विहिरीजवळच्या झाडाशी जाऊन आबांनी फळांवरून हात फिरवला, एक निवडले, देठाशी पिरगाळून उतरवले. अंगठ्याचे नख सालीत रुतले. तो वास माझ्यापर्यंत आला, तिखट, हिरवा. आणि आबांनी सवयीने अंगठा नाकाजवळ नेला.

नेला, आणि तसाच खाली आणला. फार लहान हालचाल होती ती. नवरा टेकू तपासत होता, त्याला दिसली नाही.

त्यांनी सगळी साल उतरवली, पांढरे दोरे काढले, आणि फोड स्वतःच्या तोंडात न घालता माझ्यासमोर धरली.

"तू सांग."

"मी? आबा, मला तर…"

"खा तं आधी."

मी डोळे मिटले, कारण ते मिटत असत. पाणी आले. गोडी आली. गिळले आणि थांबले. जिभेच्या मुळाशी काहीतरी हलल्यासारखे वाटले, पण ते खरेच होते की माझ्या इच्छेने हलवले होते, हे मला सांगता येईना. पाखरे बोलत होती. मला खोटे सांगायचे नव्हते. या घरात माझ्यासाठी एक खोटे आधीच बोलले जात होते, तेवढे पुरे होते.

"गोड आहे," मी म्हणाले.

आबा हसले, अगदी पहिल्या वेळेसारखे. "इतकी वर्सं झाली, आन् आजून गोडच?"

"हो."

"मंग आता सांगनार कोन?" ते म्हणाले. हसू चेहऱ्यावर तसेच राहिले होते, पण प्रश्न माझ्याकडे बघून नव्हता. झाडाकडे बघून होता. नवऱ्याला म्हणाले, "आठ दिस थांबा." एरवी हे वाक्य म्हणजे निकाल असे. त्या दिवशी ते वाक्य केवळ वेळ मागत होते, आणि ते नवऱ्यालाही कळले, मलाही.

येताना त्याच झाडाची पिशवीभर मोसंबी आम्ही घरी आणली.

आमच्या घरात मोसंबीचा एक कायदा आहे, माईंनी मला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात शिकवलेला. तिची बी आणि पांढरी साल पाट्यावर, खलात किंवा मिक्सरमध्ये कधीही जाता कामा नये. बी चिरडली की रस नासतो. आणि लगेच कळत नाही, हा त्यातला डाव. ताजा घोट बरा लागतो. रस जरा बसला की कडूपणा हळूहळू वर येतो, आणि मग साखरेचे पोते ओतले तरी हटत नाही. मोसंबी पिकवणाऱ्या घरात बीसकट वाटणारी सून म्हणजे हसण्यावारी न्यायचीही गोष्ट नव्हे.

बागेतून आल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी मला उशिरा जाग आली. तारांचे काम असल्याने सातला वीज जाणार होती आणि घड्याळात सातला पाच कमी होते. मुलगी दप्तर घेऊन दारात. मी पालक धुतला, काकडी चिरली, मोसंबीची वरची साल सुरीने भराभर तासून चार चार तुकडे केले, आणि सगळे भांड्यात लोटले. मिक्सर गरगरला. तो आवाज त्या दिवशी नेहमीपेक्षा खरखरीत होता. मला वाटले, काकडीचा असेल. मग वीज गेली आणि पाते आपसूक थांबत गेले, दूरवर जाणाऱ्या मोटारीसारखे.

मुलीने उभ्या उभ्या अर्धा पेला प्यायला. "मस्त," म्हणाली आणि पळाली. मीही घोट घेतला. ठीक होते. आबा तुळशीपाशी होते. त्यांचे फुलपात्र भरून झाकून ठेवले आणि वेणी घालायला गेले. त्यांची पूजा आटोपली तेव्हा माईंनीच ते उचलून ओसरीवर नेऊन दिले, मग आत येऊन स्वतःचा पेला तोंडाला लावला.

त्यांचा आवाज मला वेणी घालता घालता ऐकू आला.

"अगं ए! बिया वाटल्या का काय तू?"

मी येऊन त्यांच्या हातातला पेला चाखला. पहिल्यांदा काही नाही. मग जिभेच्या मुळापासून असा कडूपणा उठला की कान गरम झाले. माई हसावे की रागवावे या पेचात माझ्याकडे बघत होत्या. मी अर्धी वेणी हातात धरून ओसरीकडे धावले.

आबांनी झाकण काढून बाजूला ठेवले होते. फुलपात्र ओठांना लागलेले होते.

हात पुढे करून मी उंबऱ्यातच थांबले. ते का, हे मी स्वतःला अनेकदा विचारले आहे. भांडे हिसकावून घेता आले असते. पण एका क्षणात मला दिसले की आता काय होणार: ते थांबत थांबत सगळे पितील, मिशी पुसतील, भांडे माझ्याकडे देतील आणि म्हणतील, चांगलंय. याहून कडू या घरात दुसरे काही नव्हते. हेही त्यांना लागले नाही, तर मग वाट बघण्यासारखे काय उरणार होते? आणि मला ते "चांगलंय" ऐकायचे नव्हते, आणि ऐकल्यावाचून हलायचेही नव्हते.

त्यांनी घोट घेतला. गिळला. दुसऱ्या घोटासाठी भांडे उचलले.

आणि ते तिथेच, छातीजवळ, थांबले.

त्यांनी डोळे मिटले. बागेत मिटत तसे. गालाच्या आत जीभ हळूच फिरताना दिसली, दातांमागे, टाळूला, पुन्हा मागे. कपाळावर आठी पडली, ती आणखी खोल गेली. रस्त्यावरून एक रिक्षा गेली. माई माझ्या पाठीशी येऊन उभ्या होत्या. त्यांचा श्वास माझ्या मानेला लागत होता.

आबांनी डोळे उघडले. आधी फुलपात्रात पाहिले, मग माझ्याकडे. सगळा चेहरा आंबट खाल्लेले मूल करते तसा आक्रसलेला होता, आणि डोळे भरून आले होते. त्यांनी भांडे माझ्याकडे केले, आणि मोसंबीवाल्याच्या सुनेला म्हणावा तेवढ्याच जरबेने एकच शब्द म्हणाले.

"कडू."